विमानांतील पाट

पंगतींत पानावर बसलेल्या माणसास उठवूं नये, हा आपल्या घरांतील फार जुना संकेत आहे. पान वाढलें, चित्राहुति घातल्या आणि पहिला घास उचलला, कीं तो पाट त्या माणसाचा झाला. मागाहून कितीहि मोठा पाहुणा आला तरी त्याच्यासाठीं दुसरी पंगत मांडतात, अथवा यजमान आपल्याच घरच्या एखाद्या मुलास खुणेनें उठवितो, परंतु बाहेरून आलेल्या माणसास "आपण जरा पलीकडे बसतां का?" असें विचारण्याचें धाडस सुज्ञ यजमान करीत नाहीं. हा नियम कोणीं कोणास पाठ करावयास दिला नव्हता. वडील माणसांच्या शेजारीं जेवावयास बसतां बसतां तो अंगवळणीं पडे. आतां पाट माळ्यावर गेले, पंगती कार्यालयांतील टेबलांवर गेल्या, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत आपल्या कुटुंबांतील सारी मंडळी विमानानें प्रवास करूं लागली. जो संकेत पूर्वीं जेवणघरांत उपयोगीं पडे, त्याची आतां जमिनीपासून दहा किलोमीटर उंचीवर अधिक गरज आहे, असें आम्हांस वाटतें; म्हणून या महिन्यांत विमानांतील आसनांच्या अदलाबदलीविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें, तेव्हां त्यांत अवघे ३५ प्रवासी होते. त्या काळीं विमानांत बसणें हीच अपूर्वाई. कोठें बसलों याची चिकित्सा कोण करणार? आज देशांतल्या देशांत नेहमीं फिरणाऱ्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत एका ओळींत सहा याप्रमाणें सुमारें १८० माणसें बसतात. माणसें वाढलीं तशी प्रत्येकाच्या वांट्याची जागा आखूड झाली, आणि जागा आखूड झाली तसें तिचें मोल वाढलें. आतां बहुतेक कंपन्या आवडीचें आसन निवडावयाचे निराळे पैसे घेतात. म्हणजे आपण ज्याला उठवूं पाहतों, त्यानें तें आसन पुष्कळदां विचार करून निवडलेलें असतें, आणि त्या निवडीचें मोलहि मोजलेलें असतें.

आपल्या मंडळींच्या हातून या बाबतींत जो प्रमाद घडतो, त्याचें मूळ आम्हांस आगगाडीच्या संवयींत दिसतें. आगगाडीच्या शयनयानांत खालची बैठक दिवसा एकट्याची नसतेच. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ज्याची शय्या त्याची. एरव्हीं वरचे आणि मधले प्रवासी खालीं येऊन बसतात, व तो त्यांचा हक्क असतो. तेथें "जरा सरका", "आम्ही चौघे एकत्र बसतों", "रात्रीं तुम्ही वर जाल का?" हें सर्व चालतें. पोळीभाजीचे डबे उघडले जातात, कोण कोठला याची विचारपूस होते, आणि कल्याणहून निघालेली गाडी मनमाडला पोंचेपर्यंत त्या कप्प्याचें एक लहानसें कुटुंब बनून जातें. एस. टी. मध्यें तर खिडकींतून रुमाल टाकला कीं जागा धरली, असा न्याय. हे दोन्ही न्याय विमानांत लागूं पडत नाहींत. विमानांतहि 'आधीं येईल तो हवें तेथें बसेल' असा प्रकार कोठें कोठें होता. अमेरिकेंतील साउथवेस्ट कंपनी १९७१ पासून अर्धशतकाहून अधिक काळ प्रवाशांस आसनक्रमांक देतच नसे. परंतु तिनेंहि २०२६ च्या जानेवारीपासून ती प्रथा सोडली. विमानांतील आसन हें प्रवासाच्या आरंभापासून शेवटपर्यंत एकाच माणसाचें असतें. त्याला सरकावयास जागा नसते, आणि दिलें तर सगळेंच द्यावें लागतें. आगगाडींत जो शेजारधर्म असतो, त्याचें विमानांत दान होतें. आणि दान मागावयाचें तर मागण्याची रीत ठाऊक असली पाहिजे.

ज्यांनीं अद्यापि विमानप्रवास केलेला नाहीं अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा करतों. विमानांत ओळीला आंकडा असतो व आसनाला इंग्रजी अक्षर. सहा आसनांच्या ओळींत 'ए' आणि 'एफ' हीं खिडकीपाशीं, 'सी' आणि 'डी' हीं मधल्या वाटेलगत, व 'बी' आणि 'ई' हीं त्यांच्या मध्यें सांपडलेलीं. खिडकी मागणाऱ्यांत ढग पाहणारीं मुलें असतात, तसे भिंतीला डोकें टेकून झोंप काढणारे आणि शेजाऱ्यांच्या उठबशीचा उपद्रव नको असलेलेहि असतात. वाटेलगतचें आसन घेणाऱ्याचे गुडघे दुखत असतील, त्याला वारंवार उठावें लागत असेल, किंवा पुढचें विमान गांठण्यासाठीं लौकर उतरावयाचें असेल. यांपैकीं एकहि कारण त्याच्या कपाळावर लिहिलेलें नसतें. मधलें आसन मात्र कोणीं हौसेनें मागून घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां एक पत्र. सत्तरीच्या आंतबाहेर असलेल्या आमच्या एका वाचक भगिनीनें तें धाडलें आहे. मुलीच्या बाळंतपणासाठीं त्या मुंबईहून लंडनला एकट्याच निघाल्या होत्या. जांवयानें अधिक पैसे भरून त्यांच्यासाठीं वाटेलगतचें आसन घेतलें होतें. कारण त्यांस दर दोन तासांनीं उठावें लागतें, आणि तें परक्या माणसास सांगावयाचा त्यांस संकोच. त्या स्थिरस्थावर होतात न होतात तोंच पांच-सहा माणसांचें एक सुशिक्षित मराठी कुटुंब आलें. त्यांतील गृहस्थ म्हणाले, "मावशी, तुम्ही एकट्याच आहांत ना? मग तुम्ही तिकडे बसा, म्हणजे आम्हांला एकत्र बसतां येईल." 'तिकडे' म्हणजे कोठें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. तें आसन बरेंच मागें, दोन अनोळखी पुरुषांच्या मध्यें होतें. मावशी उठल्या आणि तेथें जाऊन बसल्या. वाटेकडचा प्रवासी थोड्याच वेळांत झोंपीं गेला. त्याची झोंप मोडावी लागूं नये म्हणून नऊ-दहा तासांच्या त्या प्रवासांत या बाईंनीं पाण्याला स्पर्श केला नाहीं. लंडनला उतरावयाच्या वेळीं सुजलेल्या पायांत चपला जाईनात. "त्या गृहस्थांचा स्वभाव वाईट नव्हता," असें त्यांनीं लिहिलें आहे, "उतरतांना त्यांनीं माझी पिशवीसुद्धां वरून काढून दिली. मलाच नाहीं म्हणतां आलें नाहीं."

या शेवटच्या वाक्यांतील 'मलाच' हा शब्द आम्हांस मान्य नाहीं. दोष त्या बाईंचा नव्हे. त्यांस जो प्रश्न विचारला गेला, त्यांत नकाराला जागाच ठेविलेली नव्हती. "एकट्याच आहांत ना?" हें वाक्य दिसावयास विचारपूस आहे; परंतु त्याचा खरा अर्थ, 'तुमच्या बाजूनें बोलणारें कोणी नाहीं ना?' असा होतो. आम्ही सहाजण आहों व तुम्ही एक आहां, तेव्हां आमची सोय मोठी आणि तुमची लहान, असें गणित त्यांत दडलेलें असतें. हें गणित चुकीचें आहे. एकटा प्रवासी म्हणजे रिकामी जागा नव्हे. उलट ज्याच्याबरोबर कोणी नाहीं, त्याची सोय पाहणारेंहि कोणी नसतें. त्याच्या आसनाचें महत्त्व त्याला इतरांहून अधिकच असतें.

शिवाय हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं एक संशोधन प्रसिद्ध केलें. त्यांत असें आढळलें कीं, चार तास किंवा त्याहून अधिक वेळ एका जागीं बसून प्रवास करणाऱ्याच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका सुमारें दुप्पट होतो. एकंदरींत तो धोका फार मोठा नाहीं, सुमारें ६,००० माणसांत एकास, असेंहि त्यांत सांगितलें आहे. परंतु वृद्ध, स्थूल, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या आणि गर्भवती स्त्रिया यांस डॉक्टर मधून मधून उठून चालावयास व पाणी पीत राहावयास सांगतात. मधल्या आसनावर संकोचानें बसून राहिलेल्या वृद्धेस या दोहोंपैकीं एकहि गोष्ट करतां येत नाहीं.

आम्ही पुष्कळ वर्षें शाळेंत मुलें बसविलीं आहेत. बाकांवरून तंटे नेहमींच होत. कोणाला खिडकी हवी, कोणाला मित्राशेजारीं बसावयाचें, कोणाला फळा दिसत नसे. ते तंटे मुलांनीं आपापसांत मिटवावे असें म्हणून पाहिलें, तर ते मिटतहि. पण मिटल्यावर पाहावें, तर दरवेळीं जागा सोडून गेलेला मुलगा तोच असे. जो अबोल, जो नवा आलेला, जो शिक्षकांकडे गाऱ्हाणें न नेणारा, तोच मागच्या बाकावर गेलेला दिसे. सर्वांत कमी गरज त्याला होती म्हणून नव्हे, तर सर्वांत कमी विरोध त्याच्याकडून होणार होता म्हणून. विमानांतहि हेंच घडतें. काळा कोट घातलेल्या, कपाळाला आठ्या असलेल्या गृहस्थाकडे आपण जागा मागत नाहीं. आपण मागतों ती एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीकडे, कानटोपी घातलेल्या आजोबांकडे, पहिल्यांदाच विमानांत बसलेल्या मजुराकडे. म्हणून आमचा पहिला आणि मुख्य नियम हाच, कीं ज्याला 'नाहीं' म्हणतां येणार नाहीं असें आपणांस दिसतें, त्याच्याकडे मागूं नये. तसें मागणें हें मागणें नसून घेणें आहे.

या बाबतींत आपल्या गोड नात्यांच्या शब्दांचाहि विचार केला पाहिजे. परक्यास काका, मावशी, ताई, दादा म्हणणें ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, आणि ती आम्हांस प्रिय आहे. परंतु "अगं बाळ, तूं तरुण आहेस, तूं मधें बसशील ना?" असें एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीस म्हटलें, कीं त्या 'बाळ' शब्दानें आपण तिला क्षणांत आपल्या घरची करून टाकतों, आणि घरच्या मुलीस वडिलांपुढें नकार देतां येत नाहीं हें आपणांस पक्कें ठाऊक असतें. तिनें तें आसन कां घेतलें, हें आपणांस माहीत नसतें. २०२४ च्या मे महिन्यांत इंडिगो कंपनीनें अशी सोय जाहीर केली, कीं आसन निवडतांना स्त्री-प्रवाशांस कोणतीं आसनें दुसऱ्या स्त्रियांनीं घेतलीं आहेत हें दिसावें. अशा सोयीचा उपयोग करून एखादी मुलगी निर्धास्तपणें दुसऱ्या स्त्रीशेजारीं बसलेली असेल, आणि आपल्या 'बाळ' शब्दानें ती दोन पुरुषांमध्यें जाऊन बसेल. नात्याचा शब्द आदरासाठीं वापरावा, दडपणासाठीं वापरूं नये.

मग मागूंच नये कीं काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. संसारांत अडचणी येतात, आणि सौजन्यानें मागितलेली मदत सौजन्यानें देणारी माणसें जगांत पुष्कळ आहेत. प्रश्न एवढाच, कीं मागावें कसें.

सहप्रवाशापर्यंत येण्यापूर्वीं तीन पायऱ्या चढून याव्यात. सर्वांचीं तिकिटें एकाच नोंदणींत काढावींत. वेगवेगळीं काढलीं तर तुम्ही एका घरचे आहां हें कंपनीच्या यंत्रास कळत नाहीं, आणि तें तुम्हांस हवें तेथें विखरून टाकतें. एकत्र बसणें खरोखर आवश्यक असेल, तर आसनें तेव्हांच निवडावींत. पैसे वांचविण्यासाठीं निवड टाळावयाची आणि मग ज्यानें पैसे भरले त्याच्याकडून तेंच आसन फुकट मागावयाचें, हा व्यवहार पापभीरु माणसास शोभत नाहीं. दुसरी पायरी विमानतळावरील खिडकीची. तेथील कर्मचाऱ्यापुढें सगळ्या विमानाचा नकाशा असतो. कोठें आसनें रिकामीं आहेत हें त्यालाच दिसतें, आणि कोणालाहि न उठवितां तो पुष्कळदां अडचण सोडवितो. तिसरी पायरी विमानांतील सेवक-सेविकांची. पंगतींत पाहुण्यांची जागा यजमान लावतो, तसे विमानांत यजमान तेच. या तीनहि ठिकाणीं इलाज चालला नाहीं, तर चौथ्या पायरीवर सहप्रवाशास विचारावें.

विचारावयाचें तें त्याच्या जागेवर बसण्यापूर्वीं. आधीं दुसऱ्याच्या आसनावर ठाण मांडावयाचें, पिशव्या वर ठेवावयाच्या, मुलाला खिडकीशीं बसवून बिस्किट द्यावयाचें, आणि धनी आला कीं "तुमची हरकत नाहीं ना?" असें हंसत म्हणावयाचें, ही रीत अत्यंत प्रचलित आहे व अत्यंत निंद्य आहे. त्या बिचाऱ्यास आतां आसन मागावयाचें नसतें, परत मिळवावयाचें असतें. आणि वाटेंत मागें तीस माणसें खोळंबलेलीं असतांना भांडावयास कोणास आवडेल?

विनंतींत आपली देऊं केलेली जागा आधीं सांगावी. "माझी पत्नी आणि मी वेगळे पडलों आहों. माझें आसन चौदाव्या ओळींत, याच बाजूला, वाटेलगतच आहे. आपल्याला चालत असेल तर बदलूं. नसेल तरी कांहीं हरकत नाहीं." एवढें बोललें कीं पुरे. या चार वाक्यांत कारण आलें, मोबदला आला, आणि नकाराला जागाहि आली. मोबदला मात्र तोलाचा असावा. खिडकीला खिडकी, वाटेलगतच्या आसनाला वाटेलगतचें, पुढच्या ओळीला पुढची ओळ. विनिमय हा शब्द समान मोलाच्या वस्तूंचा आहे. द्यावयाचें तें आपलें चांगलें आसन द्यावें, आणि आपण दोघांनीं मधल्या आसनांवर यावें, हें सर्वांत उत्तम. स्वतःचें मधलें आसन देऊन दुसऱ्याचें खिडकीचें मागणें म्हणजे पितळ देऊन सोनें मागण्यासारखें आहे. एकदां विचारावें आणि एकासच विचारावें. ज्या योजनेंत एका जोडप्यासाठीं तिघांना उठावें लागतें, ती मनांतच सोडून द्यावी.

कांहीं जागा मात्र देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातांत नसतात, हेंहि लक्षांत ठेवावें. संकटकाळीं उघडावयाच्या दारालगतची ओळ पायांना ऐसपैस असते म्हणून वृद्धांस ती द्यावी असें वाटतें. परंतु तेथें बसणाऱ्यास वेळ पडल्यास तें दार उघडावें लागतें, म्हणून मुलें, गर्भवती स्त्रिया व दुर्बल माणसें यांस तेथें बसवीत नाहींत. तान्ह्या मुलाचा पाळणा भिंतीलाच अडकवितां येतो, म्हणून त्या भिंतीसमोरचीं ठराविक आसनें अशा मातांसाठीं राखतात. प्राणवायूचे मुखवटे बहुतेक विमानांत ओळीच्या एका बाजूस आसनांपेक्षां एखादाच अधिक असतो. म्हणून मांडीवर तान्हीं मुलें असलेल्या दोन बहिणी शेजारीं शेजारीं बसूं म्हणतील, तर सेविका त्यांस मना करील, आणि तें योग्यच आहे. सुमारें ७० आसनांच्या एटीआर-७२ सारख्या लहान विमानांत पुढें किती भार व मागें किती याचा हिशेब उड्डाणापूर्वीं मांडलेला असतो. तेथें विचारल्यावांचून जागा बदलूंच नये. आणि परस्पर अदलाबदल झाली, तरी ती सेवकांच्या कानांवर घालावी. शाकाहारी अथवा मधुमेह्याचें म्हणून जें खास जेवण आधीं सांगितलेलें असतें, तें आसनाच्या क्रमांकावर येतें. न सांगतां जागा बदलली तर आजींचें अळणी जेवण दुसऱ्याच्या पुढें, आणि दुसऱ्याचें सामिष ताट आजींच्या पुढें, असा प्रसंग यावयाचा.

आतां नकाराविषयीं. ज्याला नकार मिळाला, त्यानें "बरें आहे, धन्यवाद" म्हणून आपल्या जागीं जावें. कारण विचारूं नये. सुस्कारा सोडूं नये. "हल्लीं माणुसकी राहिली नाहीं" असें पत्नीस ऐकूं जाईल इतक्या, म्हणजे चार ओळींस ऐकूं जाईल इतक्या, आवाजांत म्हणूं नये. समोरच्यास मराठी कळत नाहीं या भरंवशावर तर मुळींच म्हणूं नये. परदेशीं जाणाऱ्या विमानांत कोणत्या ओळींत कोथरूड बसलेलें असेल आणि कोणत्या ओळींत पार्लें, याचा नेम नसतो. मोबाइल काढून नकार देणाऱ्याचें चित्र घेणें आणि तें लोकांत फिरविणें हा तर सरळ सरळ अत्याचार आहे. स्वतःचें आसन स्वतःजवळ ठेवणें हा कोणाचाहि अपराध होत नाहीं.

ज्याला नकार द्यावयाचा आहे, त्यानें तो थोडक्यांत आणि सौम्यपणें द्यावा. "माफ करा, मला हेंच आसन हवें आहे," एवढें पुरे. खोटीं दुखणीं सांगूं नयेत. कारण कारण दिलें कीं त्याचा प्रतिवाद सुरूं होतो. मात्र नकाराचा हक्क आहे म्हणून तो प्रत्येक वेळीं बजावलाच पाहिजे, असें नव्हे. घाबरलेली आई व तिचें चार वर्षांचें मूल वेगळें पडलें आहे, पार्किन्सनच्या विकारानें थरथरणाऱ्या वृद्धाची पत्नी दहा ओळी मागें आहे, असें दिसलें, आणि आपली प्रकृति धडधाकट असली, तर मागण्याची वाटहि न पाहतां उठावें. न मागतां दिलेल्या जागेची गोडी निराळीच असते. तिच्यांत घेणाऱ्याला संकोच नाहीं आणि देणाऱ्याला दडपण नाहीं.

मुलांच्या बाबतींत तर आईबापांनीं सहप्रवाशांस विनविण्याची वेळ येऊंच नये. आपल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें २०२४ च्या एप्रिलांत सर्व कंपन्यांस असा आदेश दिला, कीं १२ वर्षांपर्यंतच्या मुलास त्याच नोंदणीवर प्रवास करणाऱ्या आईबापांपैकीं अथवा पालकांपैकीं निदान एकाच्या शेजारीं आसन द्यावें, आणि त्याची नोंद ठेवावी. म्हणजे ही जबाबदारी कंपनीची आहे. अशा प्रसंगीं शेजारच्या मुलीपुढें हात न पसरतां सेवकांस तो आदेश सांगावा. मात्र येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. मूल आईजवळ असणें ही गरज आहे. मुलाला खिडकी मिळणें हा हट्ट आहे. पहिल्यासाठीं सर्वांनीं साह्य करावें. दुसऱ्यासाठीं आईबापांनीं मुलास समजवावें. प्रत्येक खिडकी आपली नसते, हा धडा विमानांत मिळाला तरी तो आयुष्यभर पुरतो.

शेवटीं, ही सारी शिस्त घरापासून सुरूं होते. आठ-दहा माणसांचें एकत्र कुटुंब प्रवासास निघतें, तेव्हां आसनें कोण कशीं वांटतो हें वाचकांनीं एकदां निरखून पाहावें. खिडकी घरांतल्या कर्त्या पुरुषास अथवा लाडक्या नातवास जाते. वाटेलगतची जागा चिरंजीवांस, कारण त्यांचे पाय लांब. आणि सूनबाई मांडीवर मूल घेऊन मध्यें. तिला विचारलेलें नसतें, आणि विचारलें तरी "मला काय, कोठेंहि चालेल" हेंच उत्तर येणार हें सर्वांस ठाऊक असतें. लांबच्या प्रवासांत अर्ध्या वाटेवर आपसांत जागा बदलाव्या, हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. जें कुटुंब आपल्याच माणसांत अशी अदलाबदल करीत नाहीं, तें परक्या माणसाकडे ती कोणत्या तोंडानें मागणार? आधीं आपल्या आठ आसनांचा हिशेब नीट लावावा. पुष्कळदां त्यांतच उत्तर सांपडतें.

आणि ज्या घरांतून आई, आत्या, मावशी एकट्या परदेशीं निघतात, त्या घरांतील तरुणांस आमचें एक सांगणें आहे. औषधांची पेटी भरून देतां, पत्ता आणि फोन-क्रमांक कागदावर लिहून देतां, तसें आणखी एक वाक्य लिहून द्या, आणि निघण्यापूर्वीं तें त्यांच्याकडून चार वेळां म्हणवून घ्या. मराठींत, "माफ करा, मला हेंच आसन हवें आहे." हिंदींत, "माफ कीजिए, मुझे यही सीट चाहिए." इंग्रजींत, "सॉरी, आय नीड धिस सीट." या बायकांनीं जन्मभर दुसऱ्यासाठीं पाट सोडला आहे. तो सोडावयास त्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. स्वतःच्या पाटावर बसून राहावयास मात्र कोणींतरी शिकविलें पाहिजे, आणि तें शिकविणें हें आतां आपलें कर्तव्य आहे.